धोत्र्याचे फूल, गुरांच्या अस्थी आणि एक प्रश्न

गेल्या वर्षी अमेरिकेहून परतलेल्या एका धर्मगुरू मित्राने मला भिंतीवर लावायची एक मोठी दिनदर्शिका आणून दिली. बारा महिन्यांची बारा चित्रे, आणि सगळी एकाच चित्रकर्त्रीची. मी ती धर्मग्रामाच्या कचेरीत टांगली. जानेवारीत एक पांढरे फूल होते, फेब्रुवारीत लाल टेकड्या होत्या. मार्चचे पान उलटले तेव्हा प्रायश्चित्तकाळ चालू होता, आणि त्या पानावर गुराची एक पांढरीशुभ्र कवटी होती. मागे निळा रंग, दोन्ही कडांना लाल पट्टे, मधोमध एक काळी उभी रेघ आणि तिच्यावर आडवी पसरलेली शिंगे. दुरून पाहणाऱ्याला प्रथम क्रूसच दिसावा असे ते चित्र.

आमच्या आवारातील झाडांना पाणी घालणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. धुळे जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे घर, शिक्षण चौथीपर्यंत. ते चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग आपल्या अहिराणीत त्यांनी मला विचारले, "फादर, हाऊ बैल कोना शे?"

सेमिनरीत असताना कलेच्या इतिहासावरची काही पुस्तके मी वाचली होती. या चित्राविषयी रंग, रेषा, रचना, प्रतीके असे कितीतरी विद्वत्तापूर्ण प्रश्न विचारले गेले आहेत. परंतु ते जनावर कोणाचे होते, हा प्रश्न माझ्या वाचनात कोठेही आला नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या निमित्ताने जे वाचले आणि मनात आले, ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

गवळ्याच्या घरची मुलगी

या चित्रकर्त्रीचे नाव जॉर्जिया ओकीफ. १५ नोव्हेंबर १८८७ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, सन प्रेअरी या गावाजवळ त्यांचा जन्म झाला. वडील आयरिश कॅथोलिक वंशाचे आणि धंद्याने दुग्धव्यावसायिक शेतकरी. सात भावंडांतील हे दुसरे अपत्य. गाईगुरांच्या सहवासात वाढलेल्या या मुलीला वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी मॅडिसन येथील सेक्रेड हार्ट या कॉन्व्हेंट शाळेत ठेवण्यात आले. ही शाळा डॉमिनिकन धर्मभगिनी चालवीत असत.

तेथील चित्रकलेच्या वर्गात एका सिस्टरने मुलींपुढे बाळाच्या हाताचा प्लास्टरचा साचा ठेवला आणि तो कोळशाने काढायला सांगितला. जॉर्जियाने मोठ्या काळजीने हात काढला. सिस्टरने तो पाहून सांगितले की, हा फार लहान झाला आहे आणि फार काळाही. मुलगी रडवेली झाली. पण यापुढे लहान काही काढायचे नाही असे तिने मनाशी ठरविले. सत्तर वर्षांनंतर लिहिलेल्या आठवणींतही ही गोष्ट त्या विसरल्या नाहीत. वर्गात सहज उच्चारलेला एक शब्द कोणाच्या आयुष्यात किती खोल जाऊन रुजतो, हे आमच्यासारख्या शिकविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे आहे.

पुढे शिकागो आणि न्यूयॉर्क येथील कलाशाळांत त्यांचे शिक्षण झाले. १९०८ मध्ये पारितोषिक मिळूनही घरच्या आर्थिक ओढगस्तीमुळे त्यांनी चित्रे सोडली आणि शिकागोत लेस व भरतकामाच्या जाहिरातींसाठी रेखाटने करून पोट भरले. चित्रकलेकडे त्यांना पुन्हा वळविले ते आर्थर वेस्ली डाऊ या शिक्षकाच्या विचारांनी. जपानी कलेचा अभ्यास केलेल्या डाऊंचे सांगणे साधे होते : निसर्गाची नक्कल करू नका, समोरची मोकळी जागा सुंदर रीतीने भरा. १९१५ मध्ये साऊथ कॅरोलायनातील एका महाविद्यालयात शिकवीत असताना जॉर्जिया यांनी कोळशाची काही रेखाटने केली आणि ती न्यूयॉर्कच्या एका मैत्रिणीकडे पाठविली. मैत्रिणीने ती १ जानेवारी १९१६ रोजी आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना नेऊन दाखविली. छायाचित्रण ही कला आहे हे अमेरिकेला पटवून देणारे ते विख्यात छायाचित्रकार. त्यांनी ती रेखाटने त्याच वर्षी आपल्या दालनात मांडली. १९२४ मध्ये उभयतांचा विवाह झाला.

रस्त्याकडेचे फूल

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा गगनचुंबी इमारती उभ्या राहत होत्या. प्रत्येक जण घाईत. अशा शहरात ओकीफ यांनी फुले काढायला घेतली. फूल लहान असते, म्हणून कोणी ते खरोखर पाहत नाही आणि पाहायला वेळ लागतो तो कोणाकडे नसतो, असे त्यांचे निरीक्षण होते. तेव्हा फूलच एवढे मोठे करावे की घाईतल्या माणसालाही थबकावे लागेल. वहीच्या पानाएवढे फूल त्यांनी पुरुषभर उंचीच्या कॅनव्हासवर नेले. टीकाकारांनी या फुलांतून नाना गूढ अर्थ काढले. ओकीफ यांनी ते आयुष्यभर नाकारले; ते अर्थ तुमचे आहेत, माझे फूल ते फूलच आहे, असे त्यांचे म्हणणे असे.

या फुलांपैकी दोन आपल्या खानदेशच्या ओळखीची आहेत. पहिले धोत्र्याचे. न्यू मेक्सिकोतील त्यांच्या घराभोवती रानटी धोत्रा आपोआप उगवे. तो विषारी आहे हे ठाऊक असूनही त्यांनी तो उपटला नाही. संध्याकाळी उमलणारी ती पांढरी कर्ण्यासारखी फुले त्यांनी पुनःपुन्हा रंगविली. १९३२ मधील त्यांचे धोत्र्याच्या एकाच फुलाचे चार फूट उंचीचे चित्र २०१४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ४ कोटी ४४ लाख डॉलरना विकले गेले. त्या दिवसापर्यंत कोणत्याही स्त्री-कलावंताच्या चित्राला लिलावात एवढी किंमत मिळाली नव्हती. आपल्याकडे धोत्रा उकिरड्याच्या कडेला आणि रेल्वेच्या रुळांलगत उगवतो. महादेवाला वाहण्यापुरते कोणी त्याचे फूल खुडतो. एरवी मुलांना त्याच्यापासून दूर राहा म्हणून दटावले जाते.

दुसरे फूल केळीचे. १९३३ मध्ये ओकीफ मोठ्या आजारातून उठल्या होत्या, रंगाला हात लावण्याचे बळ नव्हते. विश्रांतीसाठी त्या बर्म्युडा बेटावर गेल्या आणि १९३४ मध्ये तेथे त्यांनी केवळ कोळशाने केळफूल काढले. जाड पाकळ्या एकेक करून मागे वळत आहेत आणि त्यांच्या आड कोवळ्या केळ्यांची फणी दडलेली आहे, असे ते चित्र. आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. रावेर, यावल, चोपडा या भागांत ज्यांचे बालपण गेले त्यांनी असे केळफूल हजार वेळा पाहिले असेल. घड भरू लागला की ते कापून टाकतात, फार तर घरी भाजी होते. त्याच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाच्या सावकाश नजरेने आपण कधी पाहिले का, असा प्रश्न हे चित्र मला विचारते.

क्रूस, मातीचे मंदिर आणि दुष्काळ

१९२९ च्या उन्हाळ्यात ओकीफ प्रथमच दीर्घ मुक्कामासाठी न्यू मेक्सिकोत गेल्या. हा प्रदेश उंच, कोरडा, लाल-पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा. येथे पुएब्लो आदिवासींची प्राचीन गावे आहेत आणि त्यांच्या शेजारी स्पॅनिश काळापासून वसलेली कॅथोलिक खेडी. संध्याकाळी टेकड्यांवरून फिरताना त्यांना जागोजाग उभे केलेले लाकडी क्रूस दिसले. ते पेनितेन्ते नावाच्या प्रापंचिक बंधुसंघाचे होते. एकोणिसाव्या शतकात या दुर्गम खेड्यांना धर्मगुरू क्वचितच लाभत. अशा काळात या साध्या शेतकऱ्यांनी आजाऱ्यांची सेवा, मृतांचे दफन आणि पवित्र आठवड्यातील भक्ती स्वतःच्या खांद्यावर घेतली. आपल्याकडेही फादर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येत, तेव्हा खेड्यापाड्यांतील कॅटेकिस्टांनी श्रद्धेचा दिवा तेवत ठेवला, हे जुन्या कुटुंबांना आठवत असेल. ओकीफ स्वतः धर्माचरण करणाऱ्या नव्हत्या. परंतु ज्याला हे क्रूस जाणवले नाहीत त्याला हा मुलूख कळला नाही, असे त्यांचे मत होते. १९२९ चा त्यांचा 'काळा क्रूस' आज शिकागोच्या कलासंस्थेत आहे. कॅनव्हास व्यापणारा भव्य काळा क्रूस, आणि त्याच्या आडून दिसणारी टेकड्यांची रांग.

रँचोस द ताओस येथील असिसीकर संत फ्रान्सिसचे चर्चही त्यांनी अनेकदा रंगविले, तेही मागच्या बाजूने. कच्च्या विटांचे, वर मातीचा गिलावा दिलेले हे चर्च दार-खिडकी नसलेल्या त्या बाजूने टेकडीसारखेच दिसते. आपल्या धाब्याच्या घरांची ज्यांना आठवण आहे त्यांना ठाऊक आहे की, माती दरवर्षी पुन्हा लिंपावी लागते. या चर्चच्या भिंतीही दरवर्षी उन्हाळ्यात धर्मग्रामातील स्त्री-पुरुष मिळून माती आणि गवत कालवून लिंपतात. भिंतीचा तो मऊ गोलवा, जो चित्रात आपल्याला मोहून टाकतो, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळहातांनी आलेला आहे. ओकीफ यांच्या चित्रात भिंत आहे. ते हात नाहीत.

१९३० मध्ये त्या प्रदेशात दुष्काळ पडला. गुरे मेली आणि माळावर हाडे पसरली. फुले मिळत नाहीत म्हणून ओकीफ हाडे गोळा करू लागल्या आणि हिवाळ्यासाठी पूर्वेकडे परतताना त्यांनी हाडांनी भरलेले एक पिंपच रेल्वेने पाठविले. दिनदर्शिकेवरचे ते चित्र त्यांतून जन्मले. ते १९३१ मधील असून आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. न्यूयॉर्कचे लेखक-कलावंत त्या काळी 'महान अमेरिकन' कलाकृतीच्या गप्पा मारीत, पण शहराबाहेरचा देश त्यांनी पाहिलेला नसे. ओकीफ यांनी गाईची कवटी घेतली, तिच्याभोवती राष्ट्रध्वजाचे लाल, पांढरे, निळे रंग ठेवले आणि थोडेसे थट्टेने सांगितले, घ्या, हे अमेरिकन चित्र. अस्थी म्हणजे मृत्यू, असे त्यांना वाटत नव्हते. चालत्या-फिरत्या जनावरांहूनही ही हाडे त्यांना अधिक जिवंत वाटत. कधी त्यांनी कवटीवर पांढरा गुलाब ठेवला. कधी मेंढ्याचे शिंगाळ मस्तक टेकड्यांवर तरंगत ठेवून त्याच्या बाजूला पांढरे हॉलीहॉक काढले. यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेले शुष्क अस्थींचे खोरे ज्यांच्या वाचनात आहे त्यांना ही दृष्टी सर्वस्वी परकी वाटणार नाही.

१९४३ ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत त्यांनी कमरेच्या हाडाची चित्रमालिका केली. हाडाच्या पोकळीतून दिसणारे निळे आकाश, एवढाच तिचा विषय. मानवाचा सारा संहार आटोपल्यावरही ही निळाई उरेल, असे त्यांनी त्या वेळी लिहिले. नेमक्या त्याच वर्षांत, त्यांच्या घराच्या दक्षिणेला असलेल्या डोंगरात, लॉस अलामोस येथे गुप्तपणे अणुबॉम्ब तयार होत होता. १६ जुलै १९४५ रोजी त्याची पहिली चाचणी त्याच राज्याच्या वाळवंटात झाली.

पाटाचे पाणी

१९४० मध्ये ओकीफ यांनी घोस्ट रँच येथे एक छोटे घर घेतले होते. परंतु तेथे भाजीपाला पिकविण्याइतके पाणी नव्हते. जवळच्या अबिक्यू गावात एक पडके मातीचे घर होते आणि त्याला पाण्याचा हक्क होता. घराची मालकी कॅथोलिक चर्चकडे होती. अंगणाच्या लांब भिंतीतील एका काळ्या दारावर ओकीफ यांचे मन बसले होते. दहा वर्षे त्यांनी पाठपुरावा केला. अखेर १९४५ मध्ये चर्चने ते घर त्यांना दिले. दुरुस्तीला आणखी चार वर्षे लागली. पतीच्या निधनानंतर १९४९ मध्ये त्या कायमच्या तेथे राहायला आल्या आणि ते दार त्यांनी वीसहून अधिक वेळा रंगविले.

हा पाण्याचा हक्क म्हणजे काय, हे धुळे जिल्ह्यातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पांझरेच्या काठी शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धती आपल्याला परिचित आहे : नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाच्या पाण्याची ठरलेली पाळी. अबिक्यूतही तसेच. स्पॅनिश काळापासूनचा सामायिक पाट, त्याची सफाई सर्वांनी मिळून करायची आणि पाणी पाळीने घ्यायचे. ओकीफ यांच्या बागेतील भाज्या आणि फळझाडे या पाण्यावर वाढली. जगाने ज्यांना एकांतवासिनी म्हटले त्यांचा एकांत गावाच्या पाटावर उभा होता.

येथे मला त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न पुन्हा आठवतो. ओकीफ यांच्या वाळवंटात माणूस नाही. पेदेर्नाल नावाचा सपाट माथ्याचा डोंगर त्यांनी इतक्या वेळा काढला की, पुरेशा वेळा काढलास तर तो तुझा होईल असे देवाने मला सांगितले आहे, असे त्या विनोदाने म्हणत. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची रक्षाही तेथेच विखुरली गेली. परंतु त्या डोंगराला मान देणारे आदिवासी, त्याच्या पायथ्याशी मेंढ्या चारणारे हिस्पॅनिक शेतकरी त्यांच्या आधी तेथे होते. दुष्काळात मेलेली ती गाय कोणाच्या तरी गोठ्यातली होती. तिचे दूध कोणाच्या तरी मुलांनी प्यायले होते. चित्राने तिला अमर केले, तिच्या धन्याचे नाव मात्र त्यात आले नाही. हा चित्राचा दोष म्हणावा की चित्रकलेची मर्यादा, हे मी ठरवू शकत नाही. चित्रकाराने एकाच गोष्टीकडे टक लावून पाहावयाचे तर बाकीचे सुटणारच. सुटलेले गोळा करणे हे इतिहासाचे काम आहे.

चाळीसगावचे दार

असा एक एकांतवासी कलावंत आपल्या खानदेशातही होऊन गेला. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस. १९१२ मध्ये मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इंग्लंडला जाऊन त्यांनी कलेचे शिक्षण घेतले, छायाचित्रणात प्रावीण्य मिळविले आणि परत आल्यावर चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील आपल्या दगडी बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षे स्वतःला कोंडून घेतले. प्रेयसीने पंजाब मेलने येण्याचे वचन दिले होते आणि रोज रात्री ती गाडी येऊन गेल्यावरच ते दार लावीत, जेवीत, ही कथा चाळीसगावात आजही सांगितली जाते. तीत किती तथ्य आणि किती आख्यायिका, याची निवड मी करीत नाही. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. ओकीफ त्याआधी जवळजवळ चार वर्षे, ६ मार्च १९८६ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी निवर्तल्या होत्या.

मूस यांची खासियत टेबलटॉप छायाचित्रण. घरात सहज मिळणाऱ्या वस्तू टेबलावर मांडून, प्रकाशाची योजना करून, पाहणाऱ्याला खरे भासेल असे निसर्गदृश्य उभे करायचे आणि त्याचे छायाचित्र घ्यायचे. बर्फाच्छादित प्रदेश त्यांनी उन्हाने भाजणाऱ्या चाळीसगावच्या बंद खोलीत टेबलावर उभे केले. ओकीफ यांनी बाहेर पडून माळावरची हाडे घरात आणली आणि मूस यांनी घरात बसून मूठभर पसाऱ्यातून बाहेरचे जग रचले. दोघांची वाट उलटी, तरी एका जागी बसून एकाच वस्तूकडे तासन्‌तास पाहण्याची सवय दोघांचीही. ओकीफ यांची दृष्टी उतारवयात अधू झाली. कोणाच्या मदतीवाचून केलेले त्यांचे शेवटचे तैलचित्र १९७२ चे आहे. पुढे त्यांनी हातांनी चाचपून मातीची भांडी घडविली.

मूस यांचा बंगला आज संग्रहालय म्हणून जतन केलेला आहे. अमेरिकेत सांता फे येथे ओकीफ यांच्या नावाचे संग्रहालय १९९७ मध्ये उघडले आणि जगभरातून माणसे तेथे येतात. चाळीसगावच्या स्थानकातून मात्र रोज हजारो प्रवासी जातात, आणि काही मिनिटांच्या अंतरावर काय आहे हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. पाटणादेवीला किंवा वेरूळ-अजिंठ्याला सहल काढणाऱ्या आपल्या धर्मग्रामांनी वाटेत या दारातही थांबावे, अशी माझी विनंती आहे.

राहिला तो प्रश्न. मार्च संपण्यापूर्वी मी त्या वृद्ध गृहस्थांना बसवून जेवढे कळले तेवढे सांगितले. तो बैल नव्हे, गाय होती. दूरच्या देशात दुष्काळ पडला होता. एका बाईने ते हाड माळावरून उचलले. धनी कोण ते कोणी लिहून ठेवले नाही. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "आमना बी व्हता." आणि १९७२ च्या दुष्काळाची हकीकत त्यांनी सांगितली. तेव्हा ते पोरसवदा होते. चारा संपला, बैलजोडीतला एक बैल छावणीत तगला आणि दुसरा बांधावर बसला तो उठलाच नाही. पुढे हाडे गोळा करणारा माणूस गाडी घेऊन आला आणि माळावरचे सारे भरून घेऊन गेला. वडील दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. त्या वर्षी पोळ्याला त्यांनी एकट्याच बैलाची शिंगे रंगविली.

बैलाचे नाव काय होते, असे मी विचारले. पन्नास वर्षांपूर्वीचे नाव त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले : पवळ्या.

एप्रिल उजाडला तेव्हा दिनदर्शिकेचे पान मी उलटले नाही. ते पान अद्याप तसेच आहे. चित्राखाली, इंग्रजी नावाच्या बाजूला, मी पेन्सिलीने देवनागरीत ते नाव लिहून ठेवले आहे.